माहेबूरच्या किनाऱ्यावरचे ताट

मॉरिशस बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर माहेबूर नावाचे एक लहानसे गाव आहे. बेटाचा विमानतळ येथून अगदी जवळ. तरी बहुतेक पाहुणे तेथून परस्पर उत्तरेकडच्या किंवा पश्चिमेकडच्या हॉटेलांकडे निघून जातात. गावाच्या समोर अर्धवर्तुळाकार उपसागर पसरला आहे. त्याच्या पलीकडच्या अंगाला बसलेल्या सिंहासारखा दिसणारा डोंगर, दूरवर प्रवाळभिंतीवर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ, आणि त्या रेघेच्या आतले उथळ, हिरवट, तळ दिसणारे पाणी. या पाण्याला स्थानिक लोक ‘लागों’ म्हणतात. पाण्यापासून वीस-पंचवीस पावलांवर पत्र्याच्या छपराखाली एक खानावळ होती. चार बाके, मेणकापड घातलेली टेबले, आणि पदार्थांची नावे खडूने लिहिलेली एक फळी.

२०२३ च्या सप्टेंबरअखेरीस एका सोमवारी दुपारी मी तेथे जेवलो. माहेबूरला सोमवारी मोठा बाजार भरतो, त्यामुळे गर्दी होती. खानावळ चालविणाऱ्या प्रौढ बाईंना सगळे ‘तांतीन’ म्हणत होते. आपल्याकडच्या ‘मावशी’ला तो जवळचा शब्द. फळीवर पाच नावे होती आणि सहावे पुसलेले होते. पुसल्यावरही ते वाचता येत होते: ‘ऊरीत’, म्हणजे ऑक्टोपस. मी त्याविषयी विचारले तेव्हा तांतीनने मान हलविली आणि क्रेओल भाषेत दोनच शब्द उच्चारले: “केंझ ऑक्तोब.” पंधरा ऑक्टोबर. त्या तारखेचा उलगडा पुढे येईलच. आधी जे ताटात आले त्याविषयी लिहावयाचे आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला कागद वाचण्याची सवय असते; ताट वाचण्याची नसते. या बेटाच्या बाबतीत ती असावी, असे मला त्या दुपारी प्रथम वाटले.

याचे कारण साधे आहे. मॉरिशसला मूळ रहिवासी नाहीत. सुमारे १८६५ चौरस किलोमीटरच्या या बेटावर सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत माणसाची वस्ती नव्हती. अरब आणि पोर्तुगीज खलाशांना ते ठाऊक होते, पण तेथे राहिले कोणी नाही. त्यामुळे या भूमीचे असे मूळचे अन्न म्हणून जे सांगता येईल ते समुद्रात आणि अरण्यात होते. बाकी सारे जहाजाने आले, आणि ज्या जहाजाने आले त्याची खूण अंगावर बाळगून राहिले.

या किनाऱ्यावरच्या ज्या पहिल्या जेवणाची नोंद आपल्याला मिळते, ते १५९८ च्या सप्टेंबरातले आहे. व्हाइब्रांड फान वारवाइक याच्या अधिकाराखालील डच जहाजे जावाकडे जाताना वादळाने मुख्य तांड्यापासून वेगळी झाली आणि याच उपसागरात शिरली. डचांनी आपला राजपुत्र मॉरित्स याचे नाव बेटाला दिले. महिन्यांमागून महिने खारवलेल्या मांसावर काढलेल्या त्या खलाशांनी किनाऱ्यावर उतरून कासवे मारली, पारवे मारले, आणि उडता न येणारा एक थोराड पक्षीही मारून शिजविला. तो डोडो. त्याचे मांस जितके शिजवावे तितके चिवट होते अशी तक्रार त्यांनी लिहून ठेवली, आणि त्याला नाव दिले ‘वाल्गफोगल’, म्हणजे किळस आणणारा पक्षी. पुढे १६६२ नंतर डोडो खात्रीने पाहिल्याची नोंद सहसा मानली जात नाही. म्हणजे चौसष्ट वर्षांत हिशेब मिटला. खलाशांच्या भुकेपेक्षा त्यांच्या जहाजांतून उतरलेले उंदीर, डुकरे आणि माकडे या नाशाला अधिक कारणीभूत झाली असे आज अभ्यासक मानतात. डोडो आता फक्त दुकानांतील खेळण्यांवर आणि देशाच्या राजचिन्हावर उरला आहे. आवडला नाही म्हणून एखादा प्राणी वाचतो असे नाही, हे मात्र त्या पहिल्या जेवणावरून दिसते.

डचांची पहिली वसाहत १६३८ ची, तीही याच उपसागराच्या काठी. दुसऱ्याच वर्षी अद्रियान फान देर स्तेल या अधिकाऱ्याने जावाहून दोन गोष्टी आणविल्या: ऊस आणि हरिण. हरिणे रानात मोकळी सुटली आणि वाढली. तांतीनच्या फळीवरचे दुसरे नाव ‘हरिणाच्या मांसाची करी’ हे त्याच कळपांचे देणे. उसाचे काय झाले हे सांगायला या बेटाचा सारा इतिहासच सांगावा लागेल. १७१० मध्ये डच कंटाळून निघून गेले. वादळे, उंदीर आणि पळून गेलेले गुलाम यांनी त्यांना जेरीस आणले होते.

त्यानंतर फ्रेंच आले. १७१५ मध्ये ताबा, १७२१ पासून वसाहत. १७३५ मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या माहे द ला बूर्दोने याने पोर्ट लुईचे बंदर उभारले. मद्रासच्या वेढ्यामुळे भारताच्या इतिहासात ज्याचे नाव येते तोच हा गृहस्थ, आणि माहेबूर हे नावही त्याच्याच स्मरणार्थ दिलेले. बंदर बांधणारे हात मोझांबिक आणि मादागास्कर येथून आणलेल्या गुलामांचे होते. त्यांत पाँडिचेरी आणि बंगालच्या बाजूने आणलेले भारतीय गुलाम आणि कारागीरही होते, ही गोष्ट आपल्याकडच्या वाचकांना सहसा ठाऊक नसते. करारबद्ध मजुरांच्या पहिल्या जहाजाआधी शंभर वर्षे भारतीय माणूस या बेटावर होता, आणि तो गुलाम होता. या हजारो माणसांना खायला काय घालायचे हा ला बूर्दोनेपुढचा प्रश्न होता. त्याने ब्राझीलकडचा मॅनिऑक हा कंद आणून लावला. आपण ज्याच्यापासून साबुदाणा करतो तोच हा कंद. माहेबूरला ओढ्यापलीकडच्या वस्तीत १८७० मध्ये रो घराण्याने या कंदाच्या पिठाची बिस्किटे करण्याचा कारखाना काढला. गुलामांच्या पोटासाठी आणलेले पीक आज शोभिवंत खोक्यातून भेट म्हणून दिले जाते.

गुलामांनी मागे ठेवलेले दस्तऐवज जवळजवळ नाहीत. मालकाच्या मालमत्तेच्या यादीत बैल, कढया आणि माणसे एकाखाली एक लिहिलेली सापडतात, तीही मालकाने दिलेल्या नावांनी. पण स्वयंपाकघरातले काही शब्द मात्र त्यांचे स्वतःचे आहेत. फळीवरून पुसलेला ‘ऊरीत’ हा मादागास्करच्या भाषेतला शब्द. ऑक्टोपस किनाऱ्यावरच्या खडकांतून भाल्याने टोचून कसा काढावा, वाळवावा आणि शिजवावा, हे ज्यांना येत होते त्यांचा शब्द टिकला. माझ्यासमोर वाटीत पालेभाजीचे पातळ सार आले, त्याला ‘ब्रेद सोंझ’ म्हणतात. ‘सोंझ’ हाही मादागास्करचाच शब्द. चव घेतल्यावर ओळख पटली: अळू. चिंच-गूळ नव्हता, शेंगदाणे नव्हते, पण घशाशी होणारी ती बारीक खाज होती. कोकणातून आलेल्या मजुराने इथल्या ओढ्याकाठी हे पान पाहिले असेल तेव्हा त्याला नवे नाव शिकावे लागले असेल, पान नव्हे.

१८१० च्या ऑगस्टमध्ये याच उपसागरात इंग्रज आणि फ्रेंच आरमारांची लढाई झाली आणि फ्रेंचांनी ती जिंकली. पॅरिसच्या विजयकमानीवर ग्राँ पोरचे नाव कोरलेले आहे ते यामुळे. दुपेरे आणि विलोबी हे दोन्ही बाजूंचे जखमी सेनानी गावाजवळच्या एकाच घरात उपचार घेत होते. ते घर आता संग्रहालय आहे. लढाईविषयी याहून अधिक सांगण्याची गरज नाही, कारण चारच महिन्यांत इंग्रजांनी हिंदी शिपाई असलेली मोठी फौज उतरवून सारे बेट घेतले. जाणाऱ्या फ्रेंच गव्हर्नर दकाँचा एक कायदा मात्र आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहे.

१८०७ मध्ये दकाँने असा हुकूम काढला की भरतीच्या रेषेपासून आत पन्नास ‘भूमितीय पावले’ एवढी जमीन सरकारची राहील. ती विकता येणार नाही. एक पाऊल पाच फ्रेंच फुटांचे. म्हणजे आजच्या मापाने ही पट्टी ८१.२१ मीटर रुंद. हेतू निव्वळ लष्करी होता. शत्रू समुद्रातून येणार, तेव्हा तोफा मांडायला आणि शिपायांना हालचाल करायला किनारा मोकळा हवा. शत्रू आला, जिंकला, आणि शहाणपणाने कायदा तसाच ठेवला. ब्रिटिशांनी १८९५ मध्ये या पट्टीसाठी स्वतंत्र कायदाही केला; फ्रेंच नाव ‘पा झेओमेत्रिक’ तेवढे कायम राहिले.

जनरलला न सुचलेली गोष्ट पुढे घडली. १ फेब्रुवारी १८३५ रोजी बेटावर गुलामगिरी कायद्याने संपली. सुमारे ६६ हजार माणसे मुक्त झाली, पण ब्रिटिश सरकारने वीस लाखांहून अधिक पौंडांची भरपाई दिली ती त्यांच्या मालकांना. मुक्त झालेल्यांना जमीन नाही, पैसा नाही. उसाच्या मळ्यात परत जाण्याची इच्छा कोणाला असणार? आतली सारी जमीन मालकांची. उरला होता किनारा, कोणाच्याच नावावर नसलेला. अनेकांनी तेथे झोपड्या घातल्या, होड्या बांधल्या आणि मासेमारी धरली. बेटाच्या भोवतीने जी क्रेओल कोळीवाडे आहेत त्यांच्या मुळाशी ही हकीकत आहे. पाण्याच्या काठाशी, बाकावर बसून, हातातोंडाशी गाठ घालणारे जे साधे जेवण मी त्या दिवशी जेवत होतो, त्याला जागा मिळाली ती या पट्टीमुळे. तोफांसाठी राखलेली जमीन चुलींच्या कामी आली.

ज्या मळ्यांतून ही माणसे बाहेर पडली तेथे दुसरी आणणे भाग होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलस’ जहाजातून ३६ भारतीय मजूर उतरले. पुढच्या पाऊणशे वर्षांत कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून सुमारे साडेचार लाख माणसे आली. १८६१ च्या खानेसुमारीत बेटावर दर शंभरांत साठाहून अधिक माणसे भारतीय होती. करार पाच वर्षांचा, मजुरी महिना पाच रुपये, आणि सोबत शिधा: तांदूळ, डाळ, मीठ, थोडे तेल किंवा तूप, क्वचित खारवलेला मासा. एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. याला ‘डबल कट’ म्हणत. माणूस आजारी पडला की कर्जात जाई. कराराबाहेरच्या मजुरालाही १८६७ नंतर स्वतःचे छायाचित्र लावलेले तिकीट खिशात बाळगावे लागे. ते नसले तर भटका म्हणून तुरुंग. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर या माणसांची नोंद होई तो आता ‘आप्रवासी घाट’ म्हणून ओळखला जातो. २००६ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा मानले.

मोजून दिलेल्या शिध्यातून बायकांनी काय केले, हे पाहायचे तर माहेबूरच्या सोमवारच्या बाजारात जावे. काचेच्या पेटीवर ‘धोलपुरी’ लिहिलेले असते. शिजवून वाटलेली पिवळी डाळ, हळद आणि जिरे घालून कणकेच्या पातळ पोळीत भरलेली. ती नेहमी जोडीने देतात, वर पावट्यासारख्या दाण्यांची रस्साभाजी, टोमॅटोचा ‘रुगाय’ आणि हिरवी चटणी घालून कागदात गुंडाळून. मूळ बिहारच्या दालपुरीचे. पण मराठी माणसाचा हात आपोआप तिची घडी उलगडून आतले पुरण पाहतो. पुरण आहे, गोडी नाही. भोजपुरी घरातही ती तिखटमिठाचीच असते हे मला माहीत आहे, आणि यात काही गूढ शोधू नये. तरी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटिश साम्राज्यात सर्वाधिक साखर पिकविणाऱ्या बेटाचे रोजचे खाणे हे गोडाविना पुरण असावे, या गोष्टीकडे दुर्लक्ष करणे मला जमले नाही.

बाजारातून फिरताना भाज्यांची नावे ऐकावीत. कढीलिंबाला ‘कारीपुले’, कोथिंबिरीला ‘कोतोमीली’, दोडक्याला ‘पिपंगाय’, शेवग्याच्या पाल्याला ‘ब्रेद मुरूम’. हे सारे तमिळ शब्द फ्रेंच जिभेवरून घरंगळत आलेले. भात, डाळ, रोटी यांच्याभोवतीची भाषा भोजपुरीची. चटणी ‘सातीनी’ झाली आणि पराठा ‘फाराता’. हळदीला मात्र ‘साफ्राँ’ म्हणतात, म्हणजे केशर! गरिबाच्या डाळीत रोज केशर पडते असे बेट जगात दुसरे नसेल. आणि टोमॅटो? ‘पोमदामूर’, म्हणजे प्रेमफळ. मळेवाल्याच्या फ्रेंचमधून उतरलेला हा शब्द त्याच्या मजुराच्या सुनेने कायमचा आपला केला.

मराठीचे शब्द या बाजारात जवळजवळ नाहीत. मुंबई बंदरातून आलेल्या मजुरांत रत्नागिरीकडचे आणि घाटावरचेही लोक होते, पण बिहारी आणि तमिळ मजुरांच्या मानाने ते थोडे. बाजाराची भाषा संख्येने ठरते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत या मजुरांची नोंदपुस्तके जपून ठेवली आहेत. नाव, बापाचे नाव, गाव, जात, उंची, अंगावरची खूण. इंग्रज कारकुनाने कानाला जसे आले तसे लिहिलेले ते गावांचे नाव कधी ओळखू येते, कधी नाही. मराठीपण टिकले ते बाजारात नव्हे, देवघरात आणि सणाच्या दिवशी चुलीपाशी. गणेशचतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. मोदक आणि पुरणपोळी त्या दिवशी होते, झाकरी नाचतात, आणि मूर्ती समुद्रावर विसर्जनाला नेतात. मी गेलो तेव्हा सण नुकताच होऊन गेला होता. माहेबूरच्या त्या पुळणीवर ओल्या वाळूत अडकलेले एक झेंडूचे फूल मला दिसले. ते कोणाच्या गणपतीचे की कोणाच्या मयताचे, हे सांगता येणार नाही.

माझ्या ताटातला मुख्य पदार्थ होता ‘विंदाय’. तळलेल्या माशाचे तुकडे, वाटलेली मोहरी, हळद, लसूण, अख्खे छोटे कांदे, मिरच्या आणि शिरका. हा पदार्थ थंडच खातात आणि दुसऱ्या दिवशी अधिक चांगला लागतो. गोव्याच्या विंदालूचा हा सख्खा भाऊ. दोघांचा बाप पोर्तुगीज खलाशांचे ते शिरका-लसणीत मुरवलेले मांस, जे लांबच्या प्रवासात टिकावे म्हणून पिंपात भरीत. गोव्यात त्यात मिरची आणि मसाला आला, इथे मोहरी आणि हळद आली आणि मांसाच्या जागी मासा. शीतपेटी नसलेल्या कोळ्याच्या घरी उरलेला मासा टिकविण्याची ही युक्ती होती. पुस्तकातून तिला ‘बेटाची खासियत’ म्हटलेले वाचले की थोडे हसू येते.

शेजारच्या टेबलावर शाळेच्या गणवेशातली दोन मुले ‘मीन फ्री’ म्हणजे परतलेल्या चिनी शेवया खात होती. हाक्का चिनी दुकानदार एकोणिसाव्या शतकात मळ्यामळ्याच्या नाक्यावर बसला. तो मजुराला वहीवर उधार देई आणि ऊसतोडीनंतर वसूल करी. अनेक कुटुंबे दोन कापण्यांमधले महिने या वहीवर जगली. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तेथून येणारा तांदूळ बंद झाला, तेव्हा ऊसमळ्यांच्या काही जमिनीवर सक्तीने मका आणि मॅनिऑक लावावे लागले. इतकी वर्षे साखर पिकविणाऱ्या बेटाला स्वतःच्या पोटापुरते धान्य पिकविता येत नव्हते, हे त्या वर्षी सगळ्यांना एकदम कळले. गुलामांचा कंद पुन्हा साऱ्यांच्या पानात आला.

दुसऱ्या बाजूच्या टेबलांचाही इतिहास आहेच. १८९६ मध्ये भारतातून आफ्रिकेकडे जाताना मार्क ट्वेन या बेटावर थांबला. त्याने आपल्या प्रवासवर्णनात ताडाच्या गाभ्याच्या कोशिंबिरीचे कौतुक केले आहे, आणि तिच्यासाठी बारा ते वीस वर्षांचे एक अख्खे झाड तोडावे लागते हेही तेथेच नोंदविले आहे. ओढ्यातल्या मोठ्या कोळंबीवर पहारेकरी असतात, चोरून पकडल्यास जबर दंड होतो, असेही तो सांगतो. मळेवाल्याच्या मेजावर झाड आणि ओढा दोन्ही मालकीचे होते. किनाऱ्यावरच्या खानावळीत मालकीचे असे फक्त भांडे होते. मासा ज्याच्या हाताला लागेल त्याचा.

ती स्थिती गेल्या पन्नास वर्षांत पालटली. १९६८ मध्ये देश स्वतंत्र झाला. १९७० मध्ये बेटावर आलेले प्रवासी सुमारे २७ हजार होते. २०१८ मध्ये ते जवळपास १४ लाख झाले. विकता न येणारी ती ८१ मीटरची पट्टी भाड्याने देता येत होती. आधी मळेवाल्यांचे समुद्रकाठचे बंगले झाले, मग हॉटेले. कायद्याने पुळण आजही सार्वजनिक आहे. पण पुळणीपर्यंत पोचायची वाट जर भिंतीआड गेली तर कायदा वाळूत उभा राहतो. राखीव सार्वजनिक किनाऱ्यांवर रविवारी आजही अख्खी कुटुंबे बिर्याणीचे डेग, भात, रुगाय घेऊन सुरूच्या झाडांखाली येतात, आणि संध्याकाळी रावान हे चामड्याचे वाद्य शेकून सेगा रंगतो. हा सेगा म्हणजे गुलामांनी शेकोटीभोवती धरलेला नाच; २०१४ मध्ये युनेस्कोने त्याची वारसा म्हणून नोंद केली. नाचाला मान्यता मिळाली. तो नाचायच्या जागेसाठी मात्र ‘आरेत कोकें नू लाप्लाझ’, म्हणजे ‘आमची पुळण चोरणे थांबवा’, अशा नावाची चळवळ लोकांना चालवावी लागली.

आणि मग २०२०. त्या वर्षीच्या २५ जुलैला ‘वाकाशियो’ हे जपानी मालकीचे, पनामाच्या निशाणाचे प्रचंड मालवाहू जहाज माहेबूरच्या दक्षिणेस प्वँत देनीसमोर प्रवाळभिंतीवर चढले. जहाज मालाविना रिकामे होते, पण त्याच्या पोटात सुमारे चार हजार टन इंधन होते. बारा दिवस ते तसेच उभे राहिले. ६ ऑगस्टला टाकी फुटली आणि सुमारे एक हजार टन काळे तेल त्या हिरव्या पाण्यात पसरले. जेथे १५९८ मध्ये डच उतरले, जेथे १८१० मध्ये तोफा डागल्या गेल्या, तोच हा उपसागर. जहाजाचा कप्तान भारतीय होता. किनाऱ्याच्या धोकादायक जवळून जहाज नेल्याबद्दल २०२१ च्या डिसेंबरात पोर्ट लुईच्या न्यायालयाने त्याला शिक्षा दिली.

तेल अडविण्याची साधने पुरेशी नव्हती. तेव्हा माहेबूरच्या लोकांनी सरकारी हुकमाची वाट न पाहता ती स्वतः बनविली. कापडाच्या आणि जाळीच्या लांब पिशव्या शिवल्या, त्यांत उसाचे वाळलेले पाचट भरले, तरंगण्यासाठी रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या बांधल्या. हजारो माणसे या समुद्रकाठच्या रस्त्यावर रात्रंदिवस पिशव्या भरीत होती. केशकर्तनालयांतून केस आले, कारण केस तेल शोषून घेतात. ज्या पिकासाठी गुलाम आणले, मजूर आणले, ते पीक दोनशे वर्षांनी किनाऱ्यावर त्या गुलामांच्या आणि मजुरांच्या वंशजांनी बरोबर बसून ताग्यांत भरले. पिशवी भरताना कोण कोणत्या जहाजातून आला हे कोणी विचारीत नव्हते, असे तांतीन म्हणाल्या. त्यांची खानावळ तेव्हा बंद पडली होती. लागोंमधली मासेमारी थांबविलेली, वास दारेखिडक्या लावूनही घरात शिरत होता. त्यांनी मोठ्या पातेल्यात रोज भात आणि डाळ करून पाचट भरणाऱ्यांना वाढली. किती दिवस, असे मी विचारले. त्यांनी बोटे मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

आता पाणी वरून स्वच्छ दिसते. खारफुटीच्या मुळांशी काय उरले आहे याविषयी कोळ्यांचे आणि अधिकाऱ्यांचे एकमत नाही. मासा पूर्वीसारखा नाही याविषयी कोळ्यांमध्ये एकमत आहे. पण हे ते तेलाआधीही सांगत होते. ऑक्टोपसची गोष्ट याहून जुनी. रॉड्रिग्ज या शेजारच्या बेटावर २०१२ पासून वर्षातले दोन महिने ऑक्टोपस पकडणे बंद ठेवण्याची रीत सुरू झाली, म्हणजे अंडी घालून पिले मोठी व्हायला उसंत मिळावी. तेथे खडकांवर ऑक्टोपस टोचण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या बायका करीत आल्या. पहिली झळ त्यांनीच सोसली. २०१६ पासून १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर ही बंदी मॉरिशसमध्येही आली. फळीवरचे नाव पुसलेले होते ते यासाठी. मळेवाल्याच्या ओढ्यावरच्या पहारेकऱ्यापेक्षा हा पुसलेला खडू मला वेगळ्या जातीचा वाटला, जरी मनाई दोन्हींत आहे.

जेवण आटोपले तेव्हा ओहोटी लागली होती. एक पिरोग, म्हणजे इथली लाकडी होडी, काठीने रेटीत उथळ पाण्यातून आत आली. काठावर तराजू घेऊन एक माणूस वाट पाहात होता. कोळ्याला हंगामाआधी पैसे देऊन पुढे त्याचा मासा ठरल्या भावाने घेणाऱ्या या दलालाला मॉरिशसमध्ये ‘बानियाँ’ म्हणतात. शब्द कोठून आला हे भारतीय वाचकाला सांगायला नको. तो आता क्रेओल असो, तमिळ असो, मुसलमान असो, नाव तेच. होडीत दोन माणसे होती, एक म्हातारा आणि एक पोरगा. टोपलीत लाल-करड्या रंगाचे आठ-दहा मासे. बानियाँने ते तोलले, वहीत लिहिले. तांतीन पदराला हात पुसत उतरून गेल्या आणि त्यांतले दोन मासे तराजूत पडण्याआधीच म्हाताऱ्याकडून मागून घेतले. बानियाँ काहीतरी पुटपुटला. तांतीनने त्याच्याकडे लक्ष दिले नाही. मासे घेऊन त्या मागच्या दाराने आत गेल्या आणि थोड्या वेळाने खवले काढण्याचा आवाज येऊ लागला.